दीड लाखात बत्तीसचं पिस्तूल: नवं घ्यावं की जुनं विलायती?

बागायतदार_गुहागर
नमस्कार मंडळी. एरवी मी इथे मोहोर आणि तुडतुड्यांच्या धाग्यांवर असतो, आज विषय वेगळा आहे.

जिल्हाधिकारी कार्यालय आणि पोलीस ठाणं यांच्यामध्ये दोन वर्षं हेलपाटे घालणारी माझी फाइल गेल्या महिन्यात एकदाची सुटली. परवान्यावर आधीपासून सिंगल नळीची बारा बोअर होतीच, आता ०.३२ बोअरच्या पिस्तुलाचीही नोंद झाली. घर वाडीपासून अर्धा किलोमीटर आत, कलमांच्या मधोमध आहे. हंगामात रोकड घरात असते आणि जून लागला की राखणीचे नेपाळी गडीही गावी जातात. मागे काय घडलं ते इथे लिहीत नाही, पण हौस म्हणून घेत नाहीये एवढं समजा.

खर्च सगळा धरून दीड लाख, फार तर थोडा वर. घाटावरच्या एका दुकानदाराने दोन वस्तू दाखवल्या. एक नवं देशी 'अशनी'. दुसरं जुनं बेल्जियन बनावटीचं, हातात घेतलं की सोडवत नाही असं. त्याचे अडीच सांगतो, दोनला येईल असं वाटतं. 'असा माल आता बनत नाही' हे त्याचं पालुपद.

दोन शंका आहेत. बेल्जियन पिस्तुलावर ७.६५ कोरलंय आणि माझ्या परवान्यावर ०.३२ आहे, मग ते चालतं का? आणि माझं वय ५८, उजव्या अंगठ्याचा सांधा दुखतो. सेमी-ऑटोमॅटिक झेपेल ना? रिव्हॉल्व्हर नको, ते कमरेला फुगतं.

तात्या_मालवणी
अरे बाबा, पिस्तुलान डुकर मरूचो नाय हां! आमच्या बापाशीची ठासणीची बंदूक आसा, तिचो नुसतो आवाज झालो तरी वांदर फणसावरसून खाली येतत. दीड लाखात कुंपण घाल मेल्या.

बागायतदार_गुहागर
तात्या, डुकरांसाठी नाही हो. आणि डुक्कर मारायचं तर वनखात्याची परवानगी लागते, १९७२चा कायदा आहे. बारा बोअरसुद्धा आमच्याकडे आवाजापुरतीच.

कोरा_सातबारा
काका, घ्यायचंच तर ग्लॉक घ्या ना. नऊ एमएम. सगळं जग तेच वापरतं.

आर्मरर_कुडाळ
जग वापरतं, आपण नाही. आपल्याकडे नऊ एमएम हा प्रतिबंधित बोअर आहे. त्याची परवानगी जिल्हाधिकारी देत नाहीत, ते केंद्रीय गृहखात्याचं काम, आणि बागायतदाराला मिळत नसते. सामान्य परवानाधारकाच्या पिस्तुलाची गोष्ट हिंडून फिरून बत्तीसवरच येते. शिवाय ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून सामान्य माणसाला परदेशी हत्यार आणता येत नाही. म्हणून बाजारात दिसणारं जवळजवळ प्रत्येक विलायती पिस्तूल त्याआधी आलेलं, दोन-चार हात फिरलेलं. जर्मन वॉल्थर पीपी १९२९ सालची वस्तू, तिची पिल्लं आजही काही लाखांना जातात. तो भाव लोखंडाचा नाही, टंचाईचा आहे. तिकडे जी वस्तू आजोबांच्या कपाटातली म्हणून स्वस्तात निघते, तिला आपल्याकडे सोन्याचा भाव.

आता ७.६५चं. तुमची शंका बरोबर आहे आणि बरेच जण इथे फसतात. ७.६५ ब्राउनिंग आणि पिस्तुलाचं ०.३२ ही एकाच काडतुसाची दोन नावं. जॉन ब्राउनिंगने १८९९ च्या सुमारास ते बेल्जियमच्या कारखान्यासाठी काढलं. युरोपात मिलिमीटरने ओळखलं गेलं, अमेरिकेत इंचाने. तेव्हा तुमच्या परवान्याला ते चालतं. पण ७.६५ पॅराबेलम हे वेगळं काडतूस आहे, ७.६३ माउझरही वेगळं. म्हणून नुसता आकडा वाचू नका, पुढचा शब्दही वाचा. आणि बत्तीस रिव्हॉल्व्हरचं काडतूस पिस्तुलात जात नाही, हे तर पाठच करा. रिव्हॉल्व्हरचं लांब असतं आणि त्याच्या बुडाला चांगली रुंद कड असते. दुकानात घाईत पुडकं बदललेलं मी पाहिलं आहे. गिऱ्हाईक मुंबईहून परत आलं, रविवारी पुडकं उघडलं, आणि मग फोनवर शिव्या.

अशनी ईशापूरच्या रायफल फॅक्टरीचं. कारखाना १९०४ पासूनचा आहे. २०२१च्या ऑक्टोबरात आयुध निर्माणी मंडळाच्या सात कंपन्या झाल्या, त्यानंतर तो कानपूरच्या कंपनीखाली आला. किंमत यादीप्रमाणे बदलते, दुकानदाराला छापील यादी मागा. नव्याचा खरा फायदा म्हणजे हमी, सुटे भाग आणि दुरुस्तीला जायला एक ठिकाण. बेल्जियनची स्प्रिंग मोडली तर कुठे जाणार? लेथवाल्याकडे?

कोरा_सातबारा
धन्यवाद, ज्ञानात भर. (ग्लॉकचा हट्ट सोडला.)

दहा_मीटर
मी रत्नागिरीची. दहा मीटर एअर पिस्तूल आणि आता पंचवीस मीटर .२२ खेळते. सरावाला आंबा घाट चढून कोल्हापूरला जावं लागतं, कारण राही सरनोबत, तेजस्विनी सावंत तिकडच्या आणि रेंजही तिकडेच. त्यामुळे तुमच्या पिस्तुलाबद्दल अधिकाराने बोलणार नाही, पण हाताबद्दल बोलते.

काका, दुकानात पहिल्यांदा मूठ बघा. मधलं बोट, अनामिका, करंगळी तिन्ही मुठीवर बसली पाहिजेत. छोट्या पिस्तुलांत करंगळी हवेत राहते आणि मग दुसऱ्या गोळीला पकड हलते. मनगट सरळ ठेवून बोटाची मधली पेरं चापावर नाही, पहिलं पेर चापावर पोहोचतंय का ते बघा. नेम धरून डोळे मिटा, तीन सेकंदांनी उघडा. समोरची माशी मागच्या खाचेत मध्यावर दिसली तर पिस्तूल तुमच्या हाताचं आहे. नाहीतर ते दुकानदाराच्या हाताचं.

आणि अंगठ्याचं. बत्तीसची छोटी पिस्तुलं बहुतेक ब्लोबॅक असतात, म्हणजे नळी स्लाइडला (वरच्या मागेपुढे सरकणाऱ्या भागाला) अडकवलेली नसते. गोळी सुटेपर्यंत मागचा भाग बंद ठेवायचं काम नुसतं स्लाइडचं वजन आणि स्प्रिंग करते. म्हणून स्प्रिंग कडक. मोठ्या नऊ एमएमपेक्षा लहान बत्तीसची स्लाइड ओढायला जास्त जोर लागतो, ऐकून विचित्र वाटेल. चिमटीने ओढू नका. डाव्या हाताच्या पूर्ण मुठीत स्लाइड वरून धरा, पिस्तूल छातीजवळ, नळी सुरक्षित दिशेला, आणि डावा हात स्थिर ठेवून उजव्या हाताने पिस्तूल पुढे ढकला. खांद्याचा जोर लागतो, अंगठ्याला काम उरत नाही.

मॅगझिन भरताना मात्र अंगठा लागतोच. त्याला लोडर मिळतो, प्लास्टिकची टोपी असते साधी.

बागायतदार_गुहागर
ताई, घरात पुस्तकाच्या गठ्ठ्याला दोरी बांधून हा प्रयोग करून पाहिला, बायको म्हणाली वेड लागलंय. पण कळलं. हजार आभार.

खाडीकाठ
मी धागा वाचतोय आणि एक विचारायचं आहे. रात्री दोनला खिडकीची काच फुटली. तुम्ही उठलात, चष्मा शोधला, कपाटाची किल्ली शोधली, मॅगझिन घातलं, स्लाइड ओढली. अंधारात समोर कोण? भाचा रात्रीच्या गाडीने चिपळुणाला उतरून आला असेल तर? एक चांगला कुत्रा पाळा, चार दिवे लावा, कॅमेरे लावा. वीस हजारांत होतं.

बागायतदार_गुहागर
कुत्रे दोन आहेत, एकाला मागच्या वर्षी बिबट्याने नेला. कॅमेरा आहे, वीज गेली की तोही जातो. तुमचा मुद्दा मनाला लागला हे खरं. पण तोच भाचा येताना फोन करतो, हेही तितकंच खरं.

आर्मरर_कुडाळ
खाडीकाठ यांच्या मुद्द्याला उत्तर पिस्तूल नव्हे, बॅटरी हे आहे. चांगली टॉर्च उशाशी ठेवा. आधी उजेड, मग हाक, मग बाकीचं. पोलिसांत असताना आम्हाला हाच क्रम शिकवला.

कायद्याचं_बोला
चिपळूण कोर्टात असतो. तीन गोष्टी पटकन.

१९५९च्या शस्त्र कायद्याच्या २०१९च्या दुरुस्तीने एका माणसाकडे तीनऐवजी दोनच हत्यारं राहू शकतात. तुमची बारा बोअर एक, पिस्तूल दोन. झालं, कोटा भरला. वडील हयात आहेत का? त्यांच्या नावावर बंदूक असेल आणि उद्या वारसाने तुमच्याकडे आली, तर ती तिसरी होईल. आत्ताच भावाशी बोलून ठेवा. हे प्रकरण माझ्याकडे दर वर्षी एक तरी येतं.

जुनं हत्यार दुकानातून न घेता एखाद्या परवानाधारकाकडून घेणार असाल, तर विकणाऱ्याने जिल्हादंडाधिकाऱ्याला किंवा जवळच्या ठाण्याला आधी लेखी कळवायचं आणि ४५ दिवस थांबायचं. 'आधी घेऊन जा, कागद मागाहून करू' म्हणणाऱ्याच्या घरचा चहासुद्धा पिऊ नका.

स्वसंरक्षणाचा अधिकार भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. वाचा, दहा मिनिटं लागतात. पळणाऱ्याच्या पाठीवर गोळी हा त्यातला अधिकार नाही. आणि पालखीत, लग्नात हवेत बार काढायचा मोह झाला तर त्यालाही २०१९ पासून दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

तात्या_मालवणी
वकिलानू, त्या ठासणीच्या बंदुकेचा पण सांगा मगे.

कायद्याचं_बोला
तात्या, गंमत म्हणजे १९५९च्या कायद्यातच पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे. तुमच्या वडिलांची बंदूक कायद्याच्या पोटातच बसली आहे. आडनावासकट नाही, पण बसली आहे.

तात्या_मालवणी
आणि इलेक्शन लागला काय दर वेळेक ठाण्यात जमा करूची लागता. एकदा तीन महिने थंय भिंतीक टेकून होती. परत आणली तर नळयेत पावसाचो वास आणि दस्त्याक बुरशी. बापूस दोन दिस जेवलो नाय.

कायद्याचं_बोला
सरसकट जमा करा असं नाही. मुंबई उच्च न्यायालयाने छाननी समितीने माणूस बघून ठरवावं असं म्हटलेलं आहे. पण नोटीस आली की वाद घालण्यापेक्षा लेखी विनंती करा, आणि जमा करायची वेळ आलीच तर पावतीवर हत्याराचा नंबर आणि स्थिती लिहून घ्या.

आर्मरर_कुडाळ
तात्यांनी मूळ विषय काढला. बागायतदार, तुम्ही किंमत विचारली, पण आपल्याकडे चांगलं पिस्तूल म्हणजे जे चार पावसाळे टिकतं ते. माझ्या नोकरीतली निम्मी वर्षं किनाऱ्यावर गेली. घाटावरचा दुकानदार सांगेल की ब्लूइंगची, म्हणजे पोलादावरच्या निळ्या-काळ्या थराची, चमक बघा. ब्लूइंग हा गंजाचाच एक सभ्य प्रकार आहे, त्याचा थर पातळ असतो. समुद्राच्या वाऱ्यात ते मुंबईच्या कपाटातल्यापेक्षा लवकर जातं. स्टेनलेस मिळालं तर छान, पण तेही स्टेन'लेस' असतं, गंजतच नाही असं नाही.

काळजी म्हणाल तर चामड्याच्या म्यानात ठेवू नका. दुकानदार भेट म्हणून देतो, ते खोबऱ्यासारखं ओलावा ओढतं. मी एक पिस्तूल पाहिलं होतं, मालकाने श्रावणात म्यानात घातलं आणि गणपतीला काढलं, त्याच्या स्लाइडवर मालकाच्या अंगठ्याचा ठसा गंजाने उमटलेला. रेषासुद्धा मोजता येत होत्या. घामातलं मीठ, दुसरं काय. म्हणून हाताळलं की सुती फडक्याने पुसायचं, तेलाचा हलका हात. हलका. नळीत आणि चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसतं त्या खोबणीत, तेल साठू द्यायचं नाही, काडतुसाच्या आत शिरलं तर बार निकामी होतो. जून ते सप्टेंबर दर आठवड्याला काढून बघा, एरवी पंधरा दिवसांनी.

दुसरं. बत्तीस पिस्तुलाच्या काडतुसाच्या बुडाची कड किंचित बाहेर असते. मॅगझिन भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या मागे गेली तर दोन्ही एकमेकांत अडकतात आणि मॅगझिन बंद. म्हणून एकेक काडतूस मागे सारून बसवा, आणि भरल्यावर मागची बाजू तळहातावर हलकेच आपटा. कमी लांबीच्या पोकळ टोकाच्या गोळ्यांत हा घोटाळा जास्त. खडकीच्या सरकारी कारखान्याची गोल टोकाची काडतुसं ही तुमच्यासाठी पुरेशी, शोभेच्या मागे लागू नका.

या गोळीचं वजन साधारण साडेचार ग्रॅम, वेग सेकंदाला पावणेतीनशे मीटरच्या आसपास. हे सांगतो कारण कुणीतरी 'बत्तीस म्हणजे खेळणं' असं म्हणणार. खेळण्याने माणूस मरत नाही. १९१४ साली साराजेव्होत आर्चड्यूकवर झाडलेलं पिस्तूल बेल्जियन ब्राउनिंगचंच होतं, थोड्या मोठ्या काडतुसाचं.

कोरा_सातबारा
म्हणजे काका जे दुसरं बघतायत ते पहिल्या महायुद्धाच्या घराण्यातलं?! मी तर तेच घेईन.

आर्मरर_कुडाळ
घ्या. आणि दिवाणखान्यात काचेत लावा.

बागायतदार_गुहागर
काल जाऊन आलो. लिहितो, कारण उद्या कुणी शोधत आलं तर उपयोगी पडेल.

दुकानात आधी बेल्जियन मागितलं. मॅगझिन काढून, स्लाइड मागे ओढून, चेंबरमध्ये बोट घालून रिकामं आहे ना ते बघितलं. दुकानदार हसला, 'साहेब, आम्ही काय भरलेलं ठेवतो?' मी म्हटलं, मला तसंच शिकवलंय. नळीत बॅटरीचा उजेड टाकला. आटे दिसत होते, पण तोंडाजवळ खवल्यासारखे काळे खड्डे. म्हटलं, चालेल, जुनं आहे.

मग मुठीचा खटका. या पिस्तुलाच्या मागच्या बाजूला एक पट्टी असते, मूठ आवळली की ती दबते आणि तेव्हाच चाप चालतो. मूठ न आवळता, दोन बोटांनी धरून चाप ओढला. टक्क. झालं. तीनदा केलं, तिन्ही वेळा टक्क. दुकानदार म्हणाला, 'जुन्यांत असंच असतं.' मॅगझिन एकच, तेही ओठाला वाकडं, कुणीतरी पक्कडीने सरळ केलेलं दिसत होतं. दुसरं मॅगझिन म्हणाल तर 'बघतो, दिल्लीहून मागवतो.'

बाहेर येऊन अर्धा तास चहाच्या टपरीवर बसलो. खरं सांगतो, वस्तू अजूनही देखणीच वाटत होती. अडीच लाखांत मला नेमकी कशाची हौस होती ते स्वतःलाच विचारलं आणि उत्तर आवडलं नाही.

परत जाऊन नवं घेतलं. ताईंच्या पद्धतीने डोळे मिटून बघितलं, माशी थोडी डावीकडे आली, मुठीवर हात खाली सरकवला की मध्यावर. स्लाइड ढकलण्याची युक्ती चालली. दुकानदाराच्या मुलाने आश्चर्याने बघितलं. अंगठा दुखला नाही. मॅगझिनमध्ये पाचवं काडतूस घालताना मात्र दुखला, लोडर मागवतोय.

यादीतली किंमत, काडतुसं, लोखंडी कपाट आणि जाण्यायेण्याचा खर्च धरून दीड लाखात बसलं. बेल्जियन घेतलं असतं तर नुसत्या हत्यारातच बजेट बुडालं असतं आणि सरावाला एक काडतूसही उरलं नसतं. आता उरलेत.

दहा_मीटर
छान केलंत. कोल्हापूरला सरावाला येणार असाल तर रेंजवाल्यांना आधी फोन करून विचारा, सेंटरफायर, म्हणजे तुमच्या पिस्तुलासारखं, कुठल्या दिवशी चालतं ते. परवाना आणि मूळ कागद बरोबर. घरी कोरडा सराव करायचा असेल तर आधी काडतुसं दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवायची, मग रिकामं आहे याची दोनदा खात्री, आणि चेंबरमध्ये डमी काडतूस. भिंत मात्र भरीव जांभ्याची निवडा, खिडकी नको.

खाडीकाठ
टॉर्च घेतली का?

बागायतदार_गुहागर
घेतली. भाच्यालाही सांगितलंय, गेटवर आलास की फोन कर.

आता एकच प्रश्न राहिला. लोखंडी कपाटात ओलावा धरतो, गेल्या पावसात सातबाराचे उतारे एकमेकांना चिकटले होते. सिलिका जेल कुठे मिळेल? की तांदूळ भाजून पुरचुंडीत ठेवू? आमच्याकडे मिठाच्या बरणीत तसंच घालतात.

तात्या_मालवणी
तांदूळ घाल. उकडे घाल. पावसात भूक लागली तर पेजेक पण उपयोगाक येतले.

आर्मरर_कुडाळ
तांदूळ नको, पिठी सुटते आणि ती तेलाला चिकटून चापाच्या यंत्रात जाते. कॅमेऱ्याच्या दुकानात विचारा, चिपळुणात मिळतील, रत्नागिरीत तर नक्की. नारिंगी खडे घ्या, हिरवे झाले की ओल भरली असं समजायचं. मग जुन्या तव्यावर मंद आचेवर परतले की परत नारिंगी होतात. निळे-गुलाबीवाले स्वस्त पडतात, पण त्यात कोबाल्ट असतं. आणि तवा कुठलाही असो, तो परत भाकरीला वापरायचा नाही. हे वहिनींना आधी सांगा.

बागायतदार_गुहागर
सांगितलं. तवा कुठला ते ठरत नाहीये.